ऐकणाऱ्यांचे स्टूल
मित्रांनो, मी एक जुने घडीचे स्टूल आहे. सुताराने मला बनवले ते सहलीला नेण्यासाठी. नशिबात मात्र विद्यापीठ होते!

तिथे एम.ए.च्या वर्गात एक मॅडम गुणात्मक संशोधन शिकवत. म्हणजे आकडे न मोजता माणसांजवळ बसायचे, त्यांचे ऐकायचे आणि त्यांचे जगणे समजून घ्यायचे. विद्यार्थी मला काखोटीला मारून बाहेर पडत. मॅडम बजावत, "खुर्चीत बसलात तर साहेब वाटाल. यावर बसा, म्हणजे मान वर करून ऐकाल."

एका वर्षी मला घाईताईने नेले. हे तिचे वर्गातले टोपणनाव. दोन जावा मिळून एक लाँड्री चालवत, तिथे ती बसली आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू केली.

"तुमचं पटत असेल ना?"

"पटतं की."

"म्हणजे भांडण होतच नाही?"

"नाही बाई."

घाईताईने फोनवर केलेले ते रेकॉर्डिंग ऐकून मॅडम खळखळून हसल्या. "अगं, विचारतेस तू आणि उत्तरही तूच देतेस! त्यांना श्वास तरी घेऊ दे."

घाईताईचे तोंड एवढेसे झाले. तरी ती पुन्हा गेली. धाकटी जाऊ कपडे पोचवायला गेली होती. "या कामात कशा आलात, काकू?" एवढेच विचारून घाईताई गप्प बसली. तिचा पाय माझ्यावर सारखा आपटत होता, पण जीभ तिने आवरली. थोरलीने दोन शर्टांना इस्त्री केली, तिसरा हातात घेतला आणि बोलू लागली. धाकटीपासून वर्षानुवर्षे जपलेली एक गोष्ट तिने सांगून टाकली. मग एकदम दचकली.

"हे लिहू नकोस गं पोरी. तिला कळलं तर मोडून पडेल."

असे बोलणे हाती लागावे म्हणून विद्यार्थी जिवाचे रान करतात! घाईताईने क्षणभर डोळे मिटले. मग थोरलीच्या देखतच रेकॉर्डिंगमधले ते सगळे पुसून टाकले. इतक्यात धाकटी आली.

"काय खलबतं चाललीत?"

"तुझीच चुगली," थोरली म्हणाली आणि तिघी हसल्या.

घाईताईचा निबंध लंगडाच झाला. मॅडमनी एका परिच्छेदावर बोट ठेवले.

"इथे काहीतरी सुटलंय."

"सुटलं नाही, मॅडम. त्यांच्यापाशीच ठेवून आले."

मॅडमनी परिच्छेदावरचे बोट उचलले. मार्क त्यांनी बेताचेच दिले; पण त्या दिवशी घाईताईला चहा स्वतःच्या हाताने करून दिला.

ती गोष्ट मी ऐकली आहे, मित्रांनो, पण तुम्हालाही सांगणार नाही. कुणी विश्वासाने मन मोकळे केले, तर ते आपल्या मालकीचे होत नाही.

आता वर्गात चाकांच्या खुर्च्या आल्या आहेत. मी कपाटामागे पडून आहे. बसायचे कापडही उसवले आहे. कुणाला सवड झाली तर चार टाके घाला. अजून पुष्कळांचे ऐकायचे राहिले आहे.