चर्चच्या हॉलमधली तिहाई

अठरा वर्षं तबला शिकलोय मी, नागपुरात गुरूंच्या घरी राहून. त्यामुळे २००४च्या फेब्रुवारीत शिकागोतल्या एका चर्चच्या हॉलमध्ये चाळीस गोरी माणसं हात धरून गोल गोल उड्या मारताना पाहिली, तेव्हा मला हसूच फुटलं. बल्गेरियन नाच म्हणे! सात मात्रांचा! सातपर्यंत मोजता येतं याचं या लोकांना केवढं कौतुक. आमच्याकडे सात मात्रांचा रूपक ताल शाळकरी पोरं वाजवतात.

माझी बायको पद्मिनी दर गुरुवारी तिथे नाचायला जायची. घरी मी रियाजाला बसलो की हिला हटकून डेव्हन ॲव्हेन्यूवरची भाजी आठवायची, की निघाली पिशवी घेऊन. बाकी ऐकणारं होतं कोण? गणपतीत मंडळाचे लोक समोसे चावत भलत्याच जागी 'क्या बात है' म्हणायचे. त्यामुळे त्या नाचाचा ढोलवाला टेक्सासला गेला आणि पद्मिनीने माझं नाव सुचवलं, तेव्हा मी नाक मुरडलं, पण गेलो. मे महिन्यात त्यांचा मोठा कार्यक्रम होता, तुर्की मंडळीही यायची होती. ती जागा मला हवी होती. त्या लोकांची कीव करत करत हवी होती.

पहिल्याच गुरुवारी पाच मिनिटं तेच ते बडवून मी कंटाळलो आणि एक तिहाई टाकली. एकच तुकडा तीनदा, आडवातिडवा, शेवटचा ठोका बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर. हात उचलून मी दादेची वाट पाहिली. समोर अख्खी रांग एकमेकांच्या अंगावर कोसळली होती. पद्मिनी घोटा धरून जमिनीवर बसली होती.

"अगं, समेवरच आलो ना!"

"खड्ड्यात गेली तुझी सम! आम्ही तुझ्या ठोक्यावर स्टेप टाकतो, यार. तू कुणासाठी वाजवत होतास?"

ॲकॉर्डियन वाजवणारी सत्तरीची त्स्वेता त्या सगळ्यांची म्होरकी. तिने माझ्या गळ्यातला ढोल काढून घेतला. "आधी नाच," म्हणाली, "मग बघू."

म्हणजे मी! एका रिटायर्ड डेंटिस्टचा घामट हात धरून मी तीन महिने उड्या मारल्या. तो माझ्या कानात मोठमोठ्याने मोजायचा. तुर्की नऊ मात्रांत तर पार अब्रू गेली. दोन, दोन, दोन आणि मग तीन. त्या तीनला पाय हवेत थोडा जास्त ठेवायचा. मी दर वेळी आधीच आपटायचो. नऊ डोक्याला पाठ होते, पायाला नव्हते. एवढा मूर्ख मी स्वतःला कधी वाटलो नव्हतो.

मेमधल्या कार्यक्रमात त्स्वेताने ढोल माझ्या गळ्यात अडकवला. नऊ मात्रा सुरू झाल्या. मध्येच हात तिहाईसाठी शिवशिवला. तेवढ्यात रांगेतून पद्मिनी समोर आली, दुखरा पाय जपत, डोळे माझ्या काठीवर. तिला भीती वाटत होती. माझी.

तिहाई मी गिळली. त्या तीनला थोडा थांबलो आणि काठी टाकली. सगळे पाय एकदम पडले. पद्मिनीने काठीवरची नजर काढली आणि हसत पुढे गेली. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, कुणी दाद दिली नाही.

अठरा वर्षं शिकलो, आणि माझं वाजवणं चालू असताना माझी बायको खोलीत शेवटपर्यंत थांबली ती त्या दिवशी पहिल्यांदा.