असं म्हणजे कसं?

मराठीतल्या एका शब्दाने माझं डोकं फिरतं. तो शब्द म्हणजे 'असं'.

आमच्या वॉर्डातल्या टीव्हीवर दिवसभर एकच व्हिडिओ चालू असायचा. आधी बासरी. मग एक गोड आवाजाची बाई सांगणार, "बाळाला असं घ्या. बोंडलं असं धरा. इथे टेकवा. आणि हळूहळू असं पाजा." मग पुन्हा बासरी. कसं घ्या, कुठे टेकवा, ते ज्याला डोळे आहेत त्याने बघून घ्यावं. मला जन्मापासून दिसत नाही, आणि बाळ माझं होतं.

माझा मुलगा दिवस भरायच्या आधीच आला. अंगावर प्यायची ताकद नव्हती, म्हणून माझं दूध काढून बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीने, पाजावं लागत होतं. घरी पाजणारं माणूस तयार झालं की सुट्टी मिळणार होती. निकिता सिस्टरने ते माणूस परस्पर ठरवूनही टाकलं.

"बाळाच्या आजी शिकल्यात मोबाईलवर व्हिडिओ बघून," ती म्हणाली. "उद्या सोडू तुम्हाला."

"आणि मी?"

"एंजेलाताई, तुम्ही आराम करा ना. तुम्हाला कसं जमणार?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी शाळेत इतिहास शिकवते. खर्ड्याची लढाई मी पोरांपुढे नुसत्या शब्दांत उभी करते, फौज कुठून आली, कोण कुठे वळलं, आणि त्यात एकदाही 'असं' म्हणत नाही. मोबाईलवर सिनेमा लावला तर नायिका रुसून खिडकीशी गेली, हे आमच्यासारख्यांसाठी सांगणारा वेगळा आवाज असतो. म्हणजे नायिकेचं रुसणं मला कळावं याची कुणाला तरी काळजी आहे. माझ्या लेकराच्या पोटात दूध कसं जावं, याची कुणाला पडलेली नाही!

"या व्हिडिओत काय दिसतं ते कुणी बोलून का सांगत नाही?" मी विचारलं.

"अहो, इतका सोपा आहे! नुसतं बघितलं की कळतं."

आपण कुणाला काय सांगतोय हे तिच्या गावीही नव्हतं. ती गेली.

मग माझ्या सासूबाई, मार्थाबाई, बाळाला पाजायला बसल्या. बाई मायेची, पण हात घाईचा. बाळाला ठसका लागला. सकाळीही लागला होता. सिस्टर लांबूनच म्हणाली, "नाजूक बाळ आहे, होतं असं." पुन्हा तेच! ठसका थांबेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

"आई, मोबाईलवर तो व्हिडिओ लावा," मी म्हणाले. "आणि काय काय दिसतं ते मला सांगा."

"काय दिसायचंय? एक बाई हाय. निळी साडी, गजरा घातलाय. मागं हिरवा पडदा, लई ब्येस..."

"पडदा पाजायचाय का त्याला?"

"आगं, वरडती कशाला? तिनं बाळाला आसं घेतलंय..."

"असं म्हणजे कसं?"

"आसं म्हंजी... आसं!" त्यांनी माझा हात धरून हवेत कुठेतरी फिरवला.

"शब्दांत सांगा, आई. हात नको."

त्यांनी कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला. पण त्याही हट्टी. व्हिडिओ मागे नेला, पुन्हा लावला, आणि एकेक शब्द शोधत बोलू लागल्या. "डोकं कोपराच्या खोबनीत. आडवं न्हाई, जरा उठीवल्यावानी. चोच खालच्या व्हटावर, कडंला. जरा कलवली, दूध व्हटाला लागलं. मग ती थांबती."

"थांबते?"

"व्हय. बराच येळ. मग परत कलवती, परत थांबती."

"कशासाठी?"

"मला काय म्हाईत? फोटूसाठी थांबत आसंल. म्या तेवढं सोडून दिलं."

बासरी वाजायची ती नेमकी तिथेच. बाळाने घोट गिळेपर्यंत ती निळ्या साडीची बाई थांबत होती, आणि गोड आवाजाची बाई तेवढा वेळ गप्प बसली होती. सगळ्यात महत्त्वाचं तेच, आणि ते तोंडाने सांगावं असं एकालाही सुचलं नव्हतं. सासूबाईंवर माझा राग राहिला नाही. त्या बासरीचे मात्र तुकडे करावेसे वाटले.

"आई, ती घोटासाठी थांबते," मी म्हणाले.

त्यांनी व्हिडिओ बंद केला. मग आवाज आला तो रडका. "आगं बाई... म्या लेकराच्या नरड्यात वतीत हुते गं."

पुढच्या वेळी पाजायला बाळ मी घेतलं. सिस्टर धावत आली. "ताई, नको! दूध किती गेलं ते तुम्हाला दिसणार नाही!"

"इथे उभ्या राहा आणि बघा," मी वर्गात चढवते तो आवाज चढवला. "चुकलं तर हात धरा. तोवर गप्प बसा!"

"चोच जरा खाली," मार्थाबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. "हां. लागली."

मी वाटी कलवली आणि थांबले. कान बाळाच्या तोंडाशी नेला. गुटुक. इतका बारीक आवाज, पण आला. पुन्हा कलवली, पुन्हा थांबले. मला रडू येत होतं, पण हात हलू दिला नाही. वाटी रिकामी झाली, ठसका लागला नाही, आणि सिस्टरने माझा हात धरला नाही.

"उद्या सोडतो," ती हळूच म्हणाली. "तुम्ही पाजा."

तेवढ्यात शेजारच्या खाटेवर कडूबाई नावाची नवी बाळंतीण आली. सिस्टर तिच्याकडे वळली. "तो व्हिडिओ बघा हं. बाळाला असं धरायचं..."

"आसं म्हंजी कसं?"

हे मी नाही विचारलं. मार्थाबाई कडाडल्या होत्या. चपला फरफटत त्या कडूबाईच्या खाटेशी गेल्या.

"आधी ती बासरी बंद करा! आन कडूबाई, तू माझं ऐक. डोकं कोपराच्या खोबनीत. चोच खालच्या व्हटावर. जराशी कलवायची. आन मग थांबायचं. फोटूसाठी न्हाई गं, घोटासाठी."