गाडीत बसून बोलता यावं म्हणून

बर्फ वितळवायला टाकतात ते, पत्र्याला गंजवणारं मीठ रस्त्यांवर पडायच्या आत, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, वेन्लाने लाल गाडी काउकोंच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये आणून उभी केली. दोन दारांची, बसकी, हेडलाईट वर उघडणारी. वयाने वेन्लापेक्षा चार वर्षांनी मोठी. टाकी गळ्यापर्यंत भरली, बॅटरी काढली, गाडी उचलून ठोकळ्यांवर टेकवली. दरवर्षीचंच काम. यंदा मात्र तिने सीटाही काढल्या आणि गालिचाही उचकटला.

"विकायला काढलीस का?" काउकोंनी विचारलं. शेजारी ते, शेड त्यांची, आणि तिथे काय चाललंय ते बघायचा हक्कही त्यांचाच.

"नाही हो. गप्प करायचीय तिला."

"माझ्या बायकोला चाळीस वर्षांत मला गप्प करता आलं नाही. बघ, तुला गाडीचं जमतंय का."

जमणारच होतं. कारण गाडी गप्प झाली तरच वेन्लाची आई बोलणार होती.

आईने, राइलीने, ताम्पेरेच्या कापडगिरणीत एकतीस वर्षं माग चालवले आणि मागांनी तिचे कान खाल्ले. आता दोन्ही कानांत यंत्रं. घरात ती बरी चालतात. पण गाडी रस्त्याला लागली की टायरची घरघर दुप्पट करून कानात ओततात. मग आई ती काढून खिशात टाकते आणि उन्हाळ्यातल्या तळ्याकाठच्या घरापर्यंत चार तास मुकाट खिडकीबाहेर बघते.

समोरासमोर बसून मनातलं बोलायची त्यांच्याकडे कुणालाच सवय नव्हती. बाबा गेले तेव्हाचं, वेन्लाच्या लग्नाआधीचं, जे काही बोलणं झालं ते याच गाडीत, दोघींचे डोळे रस्त्यावर असताना. दोन उन्हाळे ते बंद होतं. आणि आता वेन्लाला विचारायचं होतं. येत्या ऑगस्टमध्ये तान्ह्या लेकीला, हिल्लाला, पाळणाघरात सोडून कामावर परतायचं. आईला ते कसं जमलं होतं? स्वयंपाकघरात हा प्रश्न ओठांपर्यंत यायचा आणि कॉफीबरोबर खाली जायचा.

हिल्ला शेडच्या दाराशी बाबागाडीत, लोकरीत गुंडाळून, तिथल्या सगळ्या बाळांसारखी थंडीतच गाढ झोपायची. ती झोपेल तो दीड तास, तेवढाच वेन्लाचा. अशा दहा-बारा झोपांत तिने जाड लोकरीचा नमदा कापून तळात, दारांत, मागच्या चाकांवर ठासून भरला. गाडीवर चादर घातली आणि घरी गेली. मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

डिसेंबरात चादर उचलली तर वासाने मागे सरली. नमदा कुरतडून, पिंजून, चाकाच्या कमानीवर वाटीएवढं घरटं झालं होतं.

काउको वाकून बघत म्हणाले, "वर छप्पर, खाली कोरडं, अंगाखाली लोकर. अगं, मी उंदीर असतो तर बायकापोरांसकट राहायला आलो असतो!"

"हसा, हसा. जानेवारीत आई येतेय, तोवर सगळं उपसून टाकते."

"म्हणजे सोडणार नाहीस?"

"सोडायला काय झालं? गाडी शाबूत आहे."

जानेवारीत राइली आली. दुसऱ्याच दिवशी थर्मास घेऊन शेडमध्ये उलट्या खोक्यावर बसली. वेन्ला उघड्या पत्र्यावर बोटांच्या पेरांनी ठोकत, कान लावत पुढे सरकत होती.

"दार कुणी उघडत नाहीये का आतून?" राइलीने विचारलं.

"काय गं आई! कुठला पत्रा जास्त वाजतो ते ऐकतेय. मला तर सगळीकडे सारखंच टण टण येतंय."

"सरक." राइलीने हातमोजा काढला, गुडघे दाबत आत शिरली आणि गार पत्र्यावर तळहात पसरला. "ठोक. इथे नाही. पुढे. अजून. हां, हा बघ, थरथरतोय. खडूने फुली मार."

"तुला कसं कळलं?"

"गिरणीत कानाने काही कळायचं नाही. कुठला माग बिघडणार ते आम्ही चौकटीला हात लावून सांगायचो. मुकादम सकाळी हसायचा आणि दुपारी हळूच विचारायला यायचा." तिने हात पुढे सरकवला. "आधी थरथर थांबव, मग पांघरूण घाल. तू नुसतंच पांघरूण घातलंस, तेही उंदरांच्या आवडीचं."

तेवीस फुल्या झाल्या. काउकोंनी आपला हीटर आणून लावला, कारण थंड पत्र्याला काही चिकटत नाही. फुलीफुलीवर वेन्ला डांबरासारखी चिकट, वरून वर्ख लावलेली चादर गरम करून बसवायची आणि राइली त्यावरून, पिठाची पारी लाटावी तसा, लोखंडी रूळ फिरवायची. एकही फुगा राहू द्यायची नाही. वर फोमचा थर. त्याला उंदरांनी पुढे एकदाही तोंड लावलं नाही. पेरांखालचं टण जाऊन ठक झालं, आणि तिसऱ्या आठवड्यात नुसतं ठप.

राइली परत जायच्या दिवशी काउकोंनी दार तीनदा उघडून लावून पाहिलं. "पूर्वी डबा आपटल्यासारखं लागायचं. आता सभ्य घरातलं वाटतं."

"माझ्या मुलीने केलंय," राइली म्हणाली आणि बसथांब्याकडे चालू लागली.

एप्रिलअखेर दोन मोठ्या पावसांनी रस्त्यांवरचं मीठ धुऊन नेलं. वेन्लाने गालिचा आणि सीटा परत बसवल्या, गाडी ठोकळ्यांवरून उतरवली, हिल्लाला मागे बांधलं आणि ताम्पेरेहून आईला घेतलं. हमरस्ता लागला, वेग शंभरावर गेला. आईचा हात कानाकडे जातोय का, हे वेन्लाने मुद्दामच पाहिलं नाही.

"आई, ठीक आहेस ना?" ती सवयीने ओरडली.

"किंचाळतेस कशाला? पोरगी उठेल."

वेन्ला हसली. दहा किलोमीटर झाडं, नुसती झाडं गेली. शेवटी तिने समोर बघतच, साध्या आवाजात विचारलं, "मला सोडून तू कामावर गेलीस, तेव्हा कसं वाटलं होतं?"

राइलीने मागे वळून हिल्लाचं पांघरूण सारखं केलं. ऐकू आलं नसेल, असं वेन्लाला वाटलं.

"दहा महिन्यांची होतीस. पहिल्या दिवशी मी माग चालू केला आणि मोठ्याने रडले. त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? बाजूची बाई नुसतं माझं तोंड बघून समजली. तिने माझाही माग सांभाळला, जेवणाच्या सुट्टीपर्यंत." ती थांबली. "थांब, नीट सांगते. सुरुवातीपासून."

वेन्लाने वेग ऐंशीवर आणला. मागचा ट्रक दिवे मारू लागला. तिने बाजूला घेऊन त्याला पुढे जाऊ दिलं.