जोडाच्या बाजूची चीर

"सही कर आणि विषय संपव." प्रितेशने कागद टेबलावरून पुढे सरकवला.

लडकूला वाचायला वेळ लागे, पण तो शेवटच्या शब्दापर्यंत वाची. 'माझ्या निष्काळजी वेल्डिंगमुळे हवेच्या पाइपचा फाटा तुटून अपघात घडला.' खाली त्याच्या नावासाठी जागा सोडलेली.

"जोड तुटला न्हाय, सायेब. जोडाच्या बाजूला पाइप तुटलाय. तुकडा बघा ना."

"तीन महिन्यांत दोनदा तुटला. दोन्ही वेळा वेल्डिंग कुणाचं?"

"माझं."

"मग?"

"मग काय? सही न्हाय करणार."

टेमघरातल्या त्या कारखान्यात हवेच्या झोतावर चालणारे माग होते. त्यांना हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचे पाइप एकवीस वर्षं लडकूच जोडत आला होता. प्रितेश तिथला मेंटेनन्स इंजिनिअर, लडकूच्या निम्म्या वयाचा. फाट्यावरचा व्हॉल्व्ह उडून कॉम्प्रेसर चालवणाऱ्या जुबेरच्या खांद्यावर बसला आणि हाड मोडलं. कुणाचं तरी नाव कागदावर यायला हवं होतं. लडकूने सही नाकारली, तेव्हा चौकशी होईपर्यंत घरी बसण्याचं पत्र त्याच्या हातात पडलं.

तो जुबेरला भेटायला गेला. हात गळ्यात बांधलेला जुबेर उशीला टेकून बसला होता.

"लोक बोलतात, लडकूने कच्चं काम केलं," जुबेर म्हणाला. "मी बोललो, नामुमकिन. पण भाऊ, मग तुटलं कशाने?"

दिघाशीला आपल्या घरी परतताना बसमध्ये तो प्रश्न त्याच्या शेजारीच बसून आला.

टेमघरात विद्युल्लताबाई म्हणून एक निवृत्त इंजिनिअर राहत. मोठमोठ्या तेलशुद्धीकरण कारखान्यांचे पाइप का थरथरतात, याचा हिशेब मांडण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. आता रविवारी सकाळी त्या डिप्लोमा झालेल्या मुलांना तेच शिकवत. त्यांच्या घरची गळती लडकूने एकदा काढून दिली होती, तेवढ्याच ओळखीवर तो त्यांच्या दारात उभा राहिला.

"किती शिकलात?" बाईंनी विचारलं.

"नववी."

"अहो, इथे त्रिकोणमिती लागते. पुस्तकं इंग्रजी."

"पाइप काय इंग्रजीत हलतो का, बाई?"

बाई हसल्या आणि त्यांनी खुर्ची ओढून दिली.

पहिल्या दिवशी त्यांनी लोखंड कापायच्या करवतीचं पातं टेबलाच्या कडेला दाबून धरलं आणि मोकळं टोक बोटाने सोडलं. पातं झरझर थरथरलं. मग टोकाला एक नट बांधून पुन्हा सोडलं. आता ते संथ डुलू लागलं.

"प्रत्येक पाइपचा आपला एक ठेका असतो," बाई म्हणाल्या. "वजन वाढलं की ठेका बदलतो. यंत्राचा ठेका त्याच्याशी जुळला की पाइप नाचायला लागतो. नाचून नाचून लोखंड थकतं आणि तडकतं."

लडकूने वहीत लिहिलं : लोखंड थकतं. पुढच्या सूत्रात मात्र वर्गमूळ होतं आणि तिथे तो तीन रविवार अडकला. सकाळी ओट्यावर बसून तो आकडे खोडत राही. बायको, काशी, म्हणाली, "या वयात पाढे कसले घोकताय?" तर म्हणाला, "येत न्हायत म्हणून तं घोकतोय."

सहाव्या रविवारी बाईंनी फळ्यावर मोठा पाइप, त्यावरचा बारीक फाटा आणि शेजारी खांब काढला. "फाट्याला आधार कशाचा द्यायचा?"

"खांबाचा," एक मुलगी म्हणाली.

"मोठा पाइप नाचतोय, खांब स्थिर. फाट्याचं एक टोक नाचणाऱ्याकडे, दुसरं खांबाला जखडलेलं. तुटेल कुठे?"

"मानेत. जोडाच्या बाजूला," लडकू म्हणाला, आणि त्याला आपल्या पट्ट्या आठवल्या.

पहिल्यांदा फाटा तुटला होता तो जड व्हॉल्व्हच्या ओझ्याने. त्यानंतर प्रितेशने फाट्यापासून खांबापर्यंत लोखंडी पट्टी मारायला सांगितली होती. सावधगिरी म्हणून दुसऱ्या शेडमधल्या अकरा फाट्यांनाही. सगळ्या पट्ट्या लडकूने मारल्या होत्या, चांगल्या जाड.

"आधार मोठ्या पाइपचाच द्यायचा," बाई सांगत होत्या. "म्हणजे दोघं बरोबर हलतात."

लडकूला राग आला. प्रितेशचा आला, त्याहून जास्त स्वतःचा. एकवीस वर्षं 'हे लाव' म्हणून सांगितलं गेलं, 'का' ते कुणी सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

चौकशीच्या दिवशी तो बाईंकडून कंपन मोजायचं यंत्र मागून घेऊन गेला. मॅनेजर सुधीर होते, प्रितेश होता. कॉम्प्रेसर सुरू होता. तुटलेला फाटा दुसऱ्या कुणीतरी जोडून पुन्हा तशीच पट्टी मारली होती.

"सायेब, एक हात पाइपवर ठेवा. दुसरा खांबाला."

सुधीरनी हात ठेवला आणि झटक्यात काढला. यंत्राने पाइपवर कंपनाचा आकडा चोवीस दाखवला, खांबावर जेमतेम एक.

"तवाचा जोड माझा, तो चांगला व्हता," लडकू म्हणाला. "पट्टी पण माझीच, ती चुकीची हाय. मला सांगितली, मी मारली. दोन्ही लिवा."

प्रितेश पाइपकडेच बघत राहिला.

केबिनमध्ये सुधीर मऊ आवाजात म्हणाले, "ही पट्टी आज कापतो. तू उद्यापासून ये. लेखी मात्र काही नको."

"आणि त्या शेडमधल्या अकरा?"

"सगळे माग बंद ठेवता येतात का? बघू हळूहळू."

"खाली माणसं उभी असतात, सायेब."

"लडकू, नोकरी पाहिजे ना तुला?"

लडकू उठला. नाक्यावरच्या दुकानात बसून त्याने मोठ्या अक्षरांत एक कागद लिहिला, त्याच्या अकरा प्रती काढल्या आणि शिफ्ट सुटायच्या गर्दीत आत शिरून त्या शेडमध्ये शिडी लावली. प्रत्येक पट्टीला त्याने एकेक कागद तारेने बांधला : 'ही पट्टी मी मारली आहे. ती चुकीची आहे. खाली उभे राहू नये. लडकू, फिटर.' आठव्या कागदाला सिक्युरिटीवाले आले. उरलेले तीन त्याने खाली जमलेल्या कामगारांच्या हातात दिले आणि मग शिडी उतरला.

दुसऱ्या दिवशी त्या पाइपांखाली कुणी उभं राहिना. आठवड्यात सगळ्या पट्ट्या कापल्या गेल्या. जुबेरने फोन करून सांगितलं, "कागद प्रितेशने स्वतः सोडले, भाऊ. घडी करून खिशात ठेवले." लडकूला मात्र कारखान्याने बोलावलं नाही.

महिन्याभराने कशेळीच्या एका गोदामात शीतगृहाचं काम निघालं. तिथला ठेकेदार भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "पाइप इथे जखडून टाक."

"त्याच्यावर मशीन कुठली चालणार?"

"तुला काय करायचंय? तू इंजिनिअर हायस का?"

"न्हाय. फिटर हाय. मशीनवाल्याला बोलवा, मग लावतो."

ठेकेदार चिडून फोन शोधू लागला. लडकूने पाना खाली ठेवला, हात धुतले आणि पाइपांच्या थप्पीवर बसून डबा उघडला. अकराच वाजले होते, जेवायची वेळ झाली नव्हती.