अर्धी गोळी

गेटजवळच्या खोलीत श्वासातली दारू तपासायचं यंत्र होतं. सगळे त्याला फुंकणी म्हणत. रोज सकाळी सातला रांगेत उभं राहायचं, फुंकायचं, मग सुपरवायझर वहीवर पेन टेकवून विचारायचा, “काही औषध?” प्रश्न पुरा व्हायच्या आत समोरचा म्हणायचा, “नाही.”

खरं उत्तर देणारा माणूस एकच होता. तिचे वडील. ते खालून क्रेनला इशारे देत, ती वर केबिनमध्ये बसून क्रेन चालवी.

“सर्दीची गोळी, काल संध्याकाळी, एक. गुडघ्याला मलम.”

“आले हरिश्चंद्र!” रांगेतून कुणीतरी ओरडे. “काका, चहात आलं किती होतं तेही लिहा की!”

“थोडंसं होतं,” वडील न हसता सांगत.

मग ते आजारी पडले, आठ महिने घरी होते आणि गेले. तीन आठवडे घर नातेवाइकांनी भरलेलं होतं. शेवटी उरलेली मावशीही काल परत गेली. घरात आता ती एकटी. रात्री डोळ्याला डोळा लागेना, तेव्हा तिनं वडिलांच्या दुखण्यावरच्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्यांचं पाकीट उघडलं आणि अर्धी गोळी घेतली.

आज रजेनंतरचा पहिला दिवस. फुंकणीच्या वर नियमांचा फलक होता. आधी सांगेल त्याला शिक्षा नाही. फक्त डॉक्टर हो म्हणेपर्यंत केबिनमध्ये जायचं नाही, घरी बसायचं. नेमकं तेच तिला नको होतं. वरही ती एकटीच असे, पण तिथं निदान हाताला काम होतं.

तिनं फुंकलं. हिरवा दिवा लागला.

“काही औ...”

“नाही.”

शिडी चढून ती केबिनमध्ये बसली. पहिलाच भारा लोखंडी सळयांचा. वॉकीटॉकीवर नव्या सिग्नलमनचा आवाज आला, “ताई, सावकाश खाली... अजून... थांबा.”

ती थांबली. भारा मात्र वीतभर जास्त खाली गेला.

“बरोब्बर!” नवा माणूस म्हणाला. दोन कामगार पट्टे सोडायला पुढे सरसावले. कुणाला काही कळलं नव्हतं. पण वडिलांचं ‘थांब’ आणि तिचा हात यांत अकरा वर्षांत कधी एवढी फट पडली नव्हती. कधी केसभर चुकलं, तर ते ओरडत नसत. वॉकीटॉकीवर नुसतं “हं?” एवढंच येई.

ती त्या “हं?”ची वाट पाहत राहिली. यंत्रातून नुसती खरखर येत होती.

“भारा सोडवून घ्या,” ती म्हणाली. “मी खाली येतेय.”

हुक वर घेऊन, क्रेनचा हात वाऱ्याबरोबर फिरता राहावा म्हणून तिनं ब्रेक मोकळा केला आणि ती उतरली.

सुपरवायझरनं कपाळाला हात लावला. “आत्ता सांगतेस? सातला काय तोंडात गुळणी धरली होतीस? नाही म्हणून वर चढलीस, म्हणजे तीन महिने केबिन बंद. परत परीक्षा. कळतंय ना?”

“कळतंय.”

त्यानं दाराकडे पाहून आवाज खाली आणला. “वारा होता म्हणून उतरलीस, असं लिहितो. वाऱ्याला कोण विचारायला जातंय?”

“साहेब, तो झेंडा बघा. मेल्यासारखा लोंबतोय.”

“शेवटी बापाचीच लेक,” तो पुटपुटला आणि त्यानं वही ओढली. “कोणती गोळी?”

“बाबांची. अर्धी.”

त्यानं लिहिलं. तिनं केबिनची किल्ली टेबलावर ठेवली.

“घरी कोण आहे आता...” तो बोलता बोलता थांबला. “डबा तरी खाऊन जा.”

ती थांबली नाही.

अकराला तिनं घराचं कुलूप काढलं. डबा ओट्यावर ठेवला. बसावं कुठं ते सुचेना, म्हणून वडिलांच्या खाटेवर बसली, मग आडवी झाली. आजारपणात त्यांनी हट्टानं ही खाट खिडकीशी आणून उलटी लावून घेतली होती. “उजेड बरा येतो इथं,” म्हणाले होते.

उशीवर डोकं टेकलं आणि समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून तिला आपली क्रेन दिसली. बसल्यावर दिसत नव्हती. फक्त उशीवरूनच दिसत होती.

त्या आठ महिन्यांत रोज संध्याकाळी ती घरी आली की ते विचारायचे, “आज वारा कसा होता?” ती बूट काढता काढता म्हणायची, “बरा होता.” संपलं. पुढं काही विचारायचे नाहीत. दिवसभर इथून सगळं पाहिलेला माणूस.

उजेड बरा येतो म्हणे. जन्मभर मलमसुद्धा वहीत लिहायला लावणाऱ्या माणसानं एवढं मात्र दडवलं होतं.

ती तशीच पडून राहिली. बऱ्याच वेळानं क्रेनचा मोकळा हात हलला आणि हळूहळू पूर्वेकडे वळायला लागला.

“आता सुटलाय वारा, बाबा,” ती म्हणाली. “पश्चिमेचा आहे. फार नाही, पण दुपारी वाढेल असं वाटतंय.”