लवकर फुटलेली बोंडं

पांढरंशुभ्र अर्धं शेत.

माझ्या धाकट्या भावाची हिरवी झालेली नखं.

"हॅलो, हॅलो, चपला आपापल्या सांभाळा!"

एक पोकळ बी.

हे सगळं एकाच सकाळचं. अळीनं भावाच्या कपाशीच्या पानांची चाळणी केली होती. मग गावात आलेल्या एका बुवांनी, पानबाबांनी, निम्म्या शेतातली सगळी पानं खुडायला लावली आणि थोड्याच दिवसांत तिथली बोंडं फुटली. पानं राहिलेल्या बाजूला बोंडं अजून हिरवीच. चमत्कार! गर्दी लोटली.

"पान म्हणजे झाडाचा घरजावई!" बाबा माइकवर गरजले. "बसून खातो! हाकला त्याला, की बोंड हसलंच!"

"हसलंच!" गर्दी ओरडली.

आता उरलेलं अर्धं शेत खुडायचं होतं. भावाच्या घरचं वर्ष त्यावरच निघायचं होतं.

मी कापसाच्या प्रयोगशाळेत काम करते. खुडलेल्या बाजूचं फुटलेलं बोंड मी भावाला दिलं. "यातली बी चाव."

"पोकळ आहे."

"आता हे हिरवं बोंड फोड."

"बी भरत आलीय, ताई."

"पान उन्हात अन्न शिजवतं, बोंड ते खातं. भोकं पडलेलं पानही शिजवतं, जरा कमी. पानंच गेली की बोंडाचं पोषण तुटतं, ते वाळतं आणि अवेळी तडकतं. कापूस हलका, धागा कच्चा. चमत्कार कसला रे, उपासमार आहे ही!"

त्यानं बोंड माझ्या हातात परत दिलं. "कळतंय गं. पण एवढी माणसं आलीत. त्यांना परत जा कसं म्हणू?"

मी माइक मागितला.

"ताईंना गाणं म्हणायचंय!" बाबा म्हणाले. हशा पिकला. मी माइकविनाच ओरडले, बी दाखवली. एक आजी मायेनं म्हणाल्या, "बाई गं, पांढरं दिसतंय ना डोळ्यांनी?"

दिसत होतं. घोटाळा तोच होता.

माणसं ओळींत शिरली. मागोमाग भाऊही. मी हात पसरून आडवी उभी राहिले. एका झाडापुढे.

बोंड फुटलं म्हणून टाळ्या पिटू नका. कापूस तोला, बी चावून बघा. आणि कुणी काहीही करायला सांगितलं, तरी शेजारची एक ओळ तशीच राहू द्या. ताडून बघायला.

झाडं वीतभर असताना गारांनी याच शेतातलं पान न् पान फाडलं होतं. तेव्हा कुणी काहीच केलं नाही, आणि झाडांनी आपली आपण नवी पानं काढली. आजची बोंडं त्याच पानांनी पोसलेली.