अकरा खुणांचं घर

ऑफिसात तिला सगळे ठीकबाई म्हणत, आणि ते काही लाडाने नव्हतं. मुलांचे हाल होतात अशी तक्रार आली की त्या घरी जाऊन बघायचं, हे तिचं काम. सहा महिन्यांपूर्वी एका घराच्या दारात उभी राहून, खांद्यावरची पर्सही न उतरवता, तिने अहवालात ‘सगळं ठीक’ लिहिलं. चार दिवसांनी त्या घरातलं पोर दवाखान्यात गेलं. वाचलं ते, पण हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. साहेबांनी तिला पुन्हा प्रशिक्षणाला धाडलं आणि बजावलं, या खेपेला नापास झालात तर घरभेटी बंद, टेबलावर बसून शिक्के मारा. नवरा म्हणाला, “बरंच होईल, निदान झोप तरी लागेल तुला.” ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

प्रशिक्षणाची जागा एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर होती. एक वर्ग आणि वर्गाला लागूनच दोन खोल्यांचं खोटं घर. तिथे कोणी राहत नव्हतं. मांडणीवाले काका दर पंधरा दिवसांनी नव्या बॅचसाठी त्यात अकरा खुणा मांडून ठेवत. चाळीस मिनिटांत अकराच्या अकरा शोधून कागदावर लिहिल्या की पास. एकदा बाहेर आलं की परत आत जायचं नाही, गेलं की नापास. शिकवायला मास्तरीणबाई होत्या. वीस वर्षं हेच काम केलेली बाई, आवाज खणखणीत. परीक्षेच्या दिवशीही त्यांनी नेहमीचं सांगितलं. “मूल स्वतःहून सांगणार नाही, तुम्ही शोधायचं. तारीख घातल्याशिवाय खूण धरणार नाही. आणि ज्या घरात मूल दोन वर्षांत वाढलेलंच दिसत नाही, तिथून हलायचं नाही!” वर्गातल्या नऊ जणांनी ते निमूट लिहून घेतलं.

पहिला नंबर ठीकबाईचा लागला. काकांनी कुलूप काढलं, ती आत गेली, आणि मागे दार लोटलं गेलं.

भर सकाळ होती, पण पडदे ओढलेले होते. कोंदट वास येत होता आणि कुठेतरी नळ ठिबकत होता. ती डोळ्यांत तेल घालून बघू लागली. मुलाच्या खोलीला कडी बाहेरून. फ्रिजमध्ये सॉसची बाटली, बाकी काही नाही. टूथब्रश एकच, तोही वाळून कडक झालेला. औषधाच्या बाटलीचं सील शाबूत. दप्तरात शाळेतल्या बाईंनी पालकांना लिहिलेल्या सात चिठ्ठ्या, एकही उघडलेली नाही. खोटं आहे, काकांनी मांडलंय, हे माहीत असूनही ती प्रत्येक वस्तू दोनदा बघत होती. पंचवीस मिनिटांत अकरा झाल्या.

उरलेल्या वेळात ती जमिनीवर फतकल मारून बसली, कारण मुलाच्या उंचीवरून घर बघा असं मास्तरीणबाई सांगत. तिथून तिला कोठीच्या दाराची चौकट दिसली. चौकटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या. शेजारी बारीक अक्षरात तारखा. मुलांची उंची मोजतात तशा. तिच्या घरी धाकटीच्याही आहेत तशा, दरवर्षी चार बोटं वर सरकणाऱ्या.

या सरकत नव्हत्या. दोन वर्षांच्या तारखा होत्या, दर पंधरा दिवसांनी एक, आणि रेघा सगळ्या एकीवर एक बसून जाड काळा पट्टा झाला होता. तारखा मात्र शिस्तीत एकीखाली एक उतरत गेल्या होत्या. सगळ्यात खालची आजची होती. तिने बोट लावलं तर शिसाची पूड बोटाला आली. घराचं कुलूप तर तिच्यासमोर उघडलेलं. तिने कागदाच्या तळाशी रेघांचंही लिहिलं.

बाहेर येऊन तिने कागद दिला. मास्तरीणबाईंनी लाल पेनाने भराभर अकरा बरोबरच्या खुणा केल्या आणि शेवटी हसल्या. “रेघासुद्धा दिसल्या? ती काकांची हौस. त्याला गुण नाहीत बरं का.”

“माझी?” काका म्हणाले. “बाई, मी तर समजत होतो तुम्हीच काढता. दर बॅचला कोणीतरी लिहितंच की ते.”

मास्तरीणबाईंनी कपाट उघडलं आणि जुने कागद काढले. खरंच, जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी रेघा टिपल्या होत्या, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांनीच लाल शाईत ‘छान निरीक्षण’ असं लिहिलं होतं. दोन वर्षं! या दोघांचा भलताच विश्वास होता एकमेकांच्या हुशारीवर.

“आधीच्या भाडेकरूंच्या असतील,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“आजच्या तारखेच्या?” ठीकबाईने विचारलं.

मास्तरीणबाईंचा चेहरा उतरला. पण बाहेर व्हरांड्यात उरलेले आठ जण ताटकळले होते. “दुपारी बघू. तुमचे अकरा झालेत, पास आहात. सही करा आणि सुटा.”

ठीकबाईने पेन उचललं. खोटं कशाला सांगा, तिला सही करायचीच होती. नोकरी राहणार होती, नाव पुसलं जाणार होतं. पण सहा महिन्यांपूर्वी ‘सगळं ठीक’ लिहून आपण त्या दारातून कशा निघालो होतो, ते तिला आठवलं आणि स्वतःची भयंकर लाज वाटली. तिने पेन खाली ठेवलं आणि घराचं दार ढकललं.

“अहो, आत पाऊल टाकलंत तर मला नापास लिहावं लागेल!”

“लिहा,” ती म्हणाली.

ती थेट कोठीत गेली. मागच्या भिंतीला खाली एक प्लायवूडची फळी होती, पाइपांच्या पोकळीची. पलीकडे शेजारचं बिऱ्हाड. फळीच्या कडा हातांनी मळून गुळगुळीत झाल्या होत्या. तिने फळीला हात लावला नाही. समोर जमिनीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “मी इथेच बसलेय हं. मला घाई नाही.”

बराच वेळ नुसता नळ ठिबकत राहिला. मग फळी आतून सरकली.

चेहरा पाच वर्षांच्या मुलीचा होता, पण तोंडात पुढचे दोन दात मोठे आले होते, आठ-नऊ वर्षांच्या मुलांना येतात तसे.

“या रेघा तू काढल्यास?”

मुलीने मान हलवली. “डोक्यावर पुस्तक ठेवून. त्या बाई म्हणतात ते भिंतीतून ऐकू येतं. तारीख नसली तर धरत नाहीत. मी दरवेळी घातली.”

“मग हाक का नाही मारलीस गं?”

“मुलाने सांगायचं नसतं ना,” मुलगी समजावल्यासारखं म्हणाली. “तुम्ही शोधायचं असतं.”

ठीकबाईने मागे वळून पाहिलं. मास्तरीणबाई चौकटीला धरून उभ्या होत्या आणि काका फोन लावत होते. मुलीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिची नजर ठीकबाईवर होती.

“बाहेर जाऊन परत आलं की नापास ना?”

“हो,” ठीकबाई म्हणाली. “झाले मी नापास.”

मुलीने एक पाय बाहेर काढला, मग दुसरा, आणि तिच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली.

“मग तुम्ही थांबाल,” ती म्हणाली. “पास झालेले सगळे निघून जातात.”